दोन ठिपक्यांचा पंखा

१

माझा भाऊ ज्या बोटीवर गेला, तिच्या इंजिनाला मी अकरा महिन्यांनी पुन्हा हात लावला. पाचच मिनिटांत कळलं की त्या इंजिनाचा पंखा कुणीतरी बदललाय.

मी संयोगिता. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. पंप, जनरेटर, बोटीची इंजिनं, जे येईल ते उघडते. जुनी बोट घ्यायला निघालेली माणसं आधी रंग बघतात, मग सीट बघतात, आणि इंजिनाकडे शेवटी, चहा पिता पिता बघतात. म्हणून माझ्यासारखीला बोलावतात.

माझा थोरला भाऊ सयाजी शिरोळ तालुक्यात नांदवाडला राहायचा, कृष्णेच्या काठावर. दर दोन-तीन वर्षांनी तिथं पाणी घरात येतं. गेल्या वर्षी मे महिन्यात गावच्या मंडळानं वर्गणी काढून एक जुनी बोट घ्यायची ठरवली. ती चालवणार दादा, म्हणून इंजिन बघायला तो मला घेऊन गेला.

मी काही सोडलं नाही. चालू करायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवला. गरम लागलं असतं तर विकणाऱ्यानं आधीच फिरवून ठेवलंय हे कळलं असतं, कारण आजारी इंजिन गार असताना सुरू होत नाही. खालच्या गिअरचं तेल काढून बघितलं. त्यात पाणी शिरलं की ते दुधासारखं पांढरं होतं. हे स्वच्छ होतं. मग सहा माणसं बसवून तलावात पूर्ण वेगानं पळवली. पंचवीस हॉर्सपॉवरचं ते जुनं इंजिन नाक वर करून धावलं, आणि दादा लहान पोरासारखा हसला. मी पास केलं. माझी जुनी सवय आहे, पास केलेल्या प्रत्येक भागावर पंचानं दोन बारीक ठिपके मारते. इंजिनावर मारले, गिअरवर मारले, पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यावर मारले.

ऑगस्टात पूर आला. दादा सात माणसं घेऊन प्रवाहाच्या उलट येत असताना बोट पुढं जायची थांबली, आडवी झाली आणि बाभळीवर आदळून उलटली. सातही जणांना त्यानं झाडाला धरायला लावलं. तो स्वतः वाहून गेला आणि दोन दिवसांनी खाली सापडला.

तिसऱ्या दिवशी गावात बोलणं सुरू झालं की सयाजी प्यालेला होता. पूर ओसरल्यावर बोट मिळाली, तिचं इंजिन सुकवून पाण्याच्या पिंपात चालवलं, तर ते व्यवस्थित चाललं. म्हणजे चूक माणसाचीच. माझी वहिनी मोना तेव्हापासून दुकानातही मान खाली घालून जाते.

आता मंडळानं ती बोट विकायला काढली होती. घेणारा राजवर्धन, म्हणजे ज्यानं ती विकली तोच कोल्हापूरचा दलाल. इंजिनाची किंमत करायला त्यानं मला बोलावलं. मला जायचं नव्हतं, तरी गेले.

शाळेमागच्या शेडमध्ये बोट होती. इंजिनावर दोन ठिपके, गिअरवर दोन ठिपके. पंख्याची तिन्ही पाती मी पुसून बघितली. एकावरही काही नव्हतं.

मग नटाकडे लक्ष गेलं. नट निसटू नये म्हणून त्यात आडवी स्प्लिट पिन घालतात, दोन-तीन रुपयांची चीज. तिच्या जागी काळी पडलेली एक तार पिळून बसवली होती. मी नखानं खरवडली. आतून पांढरीशुभ्र निघाली.

ती चांदी होती.

मी तार काढून खिशात टाकली आणि राजवर्धनला म्हटलं, "बोट आज हलणार नाही."

२

"मॅडम, कायतरी बोलू नका," राजवर्धन म्हणाला. "मी जुन्या बोटी विकतो, माणसं मारत न्हाय. तुम्ही पास केलेला पंखा मी कशाला काढू?"

"विकल्यावर पोचवायला चार दिवस लावलेस. चार दिवसांत बोटीचं काहीही काढता येतं."

त्याचा चेहरा पडला. रागापेक्षा भीती जास्त दिसत होती आणि मला ते बरं वाटलं. गेलं वर्षभर मला कुणाच्या तरी चेहऱ्यावर भीती बघायचीच होती.

तेवढ्यात धैर्यशील आला. मंडळाचा अध्यक्ष. हुपरीला त्याचा पैंजणांचा छोटा कारखाना आहे, रोज मोटारसायकलवरून जातो-येतो. गावात कुणाचं लग्न असो की मयत, हा पुढं. खुर्चीवर टेकून तो तारेच्या तुकड्यानं कान कोरायला लागला.

"ताई, कशाला जुनं उकरताय?" तो मायेनं म्हणाला. "सयाजी माझा जिवाचा दोस्त. त्या दिवशी घेतली असंल जरा, थंडी-पावसात घेतोच माणूस. जाऊ द्या की आता."

माझ्या हातात पाना होता. तो मी खाली ठेवला, कारण हातात राहिला असता तर त्याच्या डोक्यात बसला असता.

"शेडची किल्ली कुणाकडं असते?" मी विचारलं.

"एक माझ्याकडं, एक फरहानकडं. सर्व्हिसिंग तोच करतो न्हवं."

फरहान गावातला गाड्यांचा मिस्त्री. मी ते मनात ठेवलं आणि वहिनीच्या घरी गेले. बोट गावात आली त्या दिवशी पूजा झाली होती, नारळ फुटला होता. वहिनीनं मोबाईलवर फोटो काढले होते. वर्षभर तिनं ते उघडले नव्हते. ती एकेक फोटो पुढं सरकवत गेली. शेवटी पंख्याचा फोटो आला. तिन्ही पात्यांना हळद-कुंकू लावलं होतं, आणि एका पात्यावर माझ्या पंचाच्या दोन खळग्यांत कुंकू भरून दोन लाल टिकल्या दिसत होत्या.

म्हणजे पंखा गावात आला तेव्हा खरा होता. राजवर्धन त्या दिवसानंतर नांदवाडला फिरकला नव्हता. जे झालं ते गावातच झालं होतं, आणि करणारा किल्ली लावून शेडमध्ये गेला होता.

"वहिनी, दादाला कुणीतरी मारलंय," मी म्हटलं.

तिनं मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाली, "नाव सांग मला. एवढंच कर."

३

बोटीतल्या सात जणांत धोंडुबाई सगळ्यांत म्हातारी. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीत कळावं कोण बोलतंय.

"इंजिन कसलं वरडत हुतं बाई! कान फाटायची येळ. पर बोट जाग्यावरच. हालंना. मग उलटी मागं जायला लागली."

"जाताना नीट गेली होती?"

"जाताना मोकळी हुती की. सर्रकन गेली. आम्ही बसलो आन् मग बिघाडलं."

मोकळी असताना चालते आणि भरल्यावर सोडते. मला हवं होतं ते मिळालं होतं. तरी एक प्रश्न राहिला होता, जो विचारायला माझी जीभ रेटत नव्हती.

"दादा प्यालेला होता का?"

धोंडुबाईनं कपाळावर हात मारला. "अगं, त्येनं सोत्ताच्या अंगातलं ते फुगणारं जाकीट काढून माझ्या अंगात घातलं. बटणं लावताना त्येचं तोंड माझ्या तोंडापाशी हुतं. कसला वास न् कसलं काय. सकाळपास्नं पोरगं उपाशी हुतं."

"मग हे वर्षभर कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी इचारलंच न्हाय की."

मला तिचाही राग आला. वर्षभर माझी वहिनी मान खाली घालून फिरत होती आणि ही बाई कुणीतरी विचारायची वाट बघत बसली होती. पण तिच्यावर राग काढून उपयोग नव्हता. माझा राग मला साठवून ठेवायचा होता.

४

फरहानच्या दारात पाय ठेवला आणि मी तिथंच थबकले. त्याची बायको मेहक ओट्यावर बसून पैंजणांच्या कड्या आगीवर झाळून जोडत होती. हुपरीचं काम. शिरोळकडच्या कितीतरी घरांत बायका हे काम करतात. तिच्यापुढं ताटात चांदीच चांदी होती.

मी सरळ खिशातली तार ताटात टाकली.

"फरहान, हे तुझ्या घरातलं आहे. पंखा तूच बदललास. कुणाला विकलास माझ्या भावाचा जीव?"

तो जागच्या जागी उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. "आक्का, सयाजीभाई माझ्या पोराच्या बारशाला पयला आलता. शिव्या दे, पर ह्ये बोलू नको."

मेहकनं तार उचलली, दिव्याजवळ नेली, दातांत धरून वाकवली. "चांदीच हाय," ती म्हणाली. "पर आमची न्हाय. आमच्याकडं तयार कड्या येत्यात जोडायला. एवढी जाड तार आमच्याकडं येतच न्हाय. ती कारखान्यातच असते, तिथंच तिच्या कड्या पाडत्यात."

फरहान आत गेला आणि एक डबा आणून माझ्यासमोर उपडा केला. जमिनीवर दोनशे तरी स्प्लिट पिना पडल्या, सगळ्या मापाच्या. "मी मिस्त्री हाय, आक्का. पिन तुटली तर मी तार कशाला पिळू? सर्व्हिसिंगला इंजिन उघडतो, पंखा कवा काढलाच न्हाय."

मी खाली बसले. इतकी साधी गोष्ट मला, उद्यमनगरात वीस वर्षं काढलेल्या बाईला, दिसली नव्हती. पंखा काढताना जुनी पिन मोडते, हे मिस्त्रीला माहीत असतं. ज्याला माहीत नव्हतं त्याची ऐनवेळी पंचाईत झाली आणि त्यानं खिशात होती ती तार वापरली. दुसऱ्या कुणाच्या खिशात बाइंडिंगची तार निघाली असती. ह्याच्या खिशात चांदीची निघाली, आणि ती चांदी आहे हे त्याच्या डोक्यातही आलं नाही, कारण तो दिवसभर तीच हाताळतो. तिनं कानसुद्धा कोरतो.

"चुकलं माझं," मी फरहानला म्हटलं. तो खाली बसून पिना डब्यात भरायला लागला. मेहकनं चहा ठेवला.

चहा घेता घेता मी विचारलं, "अध्यक्षांचा बोटीशी काही संबंध?"

"हाय की," फरहान म्हणाला. "त्यांची सोत्ताची एक बोट हाय. चंदगडाकडं, रिसॉर्टच्या तलावात. लग्नाच्या फोटोवाल्यांना भाड्यानं देत्यात. इंजिन डिट्टो आपल्यासारखंच."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि फरहान चंदगडला गेलो. पावसात रिसॉर्ट बंद होतं, रखवालदार एकटा होता. अध्यक्षांनी पाठवलंय म्हटल्यावर त्यानं बोटीवर झाकलेला प्लास्टिकचा कागद काढून दिला. येताना माझ्या पिशवीत एक वस्तू होती आणि ती मी कोल्हापूर येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

५

पोलिसांकडे लगेच जाता आलं असतं. पण माझ्या भावाला दारुडा ठरवलं ते साऱ्या गावासमोर, मग उत्तरही तिथंच व्हायला हवं होतं. मी मंडळाला निरोप दिला की रविवारी नदीवर इंजिनाची शेवटची चाचणी घेते, त्याशिवाय किंमत सांगणार नाही.

रविवारी पाणी चढत होतं. गावाचा सखल पूल सकाळीच बुडाला होता. घाटावर निम्मं गाव जमलं. मी आदल्या रात्रीच नटात नवी पिन घालून पंख्याच्या मागच्या तोंडावर ऑइलपेंटची एक सरळ पांढरी रेघ मारली होती, मधल्या नळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत. बोट जाड दोरानं काठावर बांधली. दोर धरायला तालमीतली चार पोरं उभी केली.

"भरल्या वजनाशिवाय इंजिन कळत नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "विकणारा, दुरुस्त करणारा आणि ज्यानं वर्गणी काढून घेतली तो, तिघंही बसा बोटीत."

राजवर्धन कुरकुरत बसला. फरहान बसला. धैर्यशील मागं सरकला. "मला पवता येत न्हाय, ताई."

"अध्यक्ष, बसा की! दोर बांधलाय न्हवं!" पोरं हसली. मोबाईल वर झाले. फोटो म्हटल्यावर धैर्यशीलला नाही म्हणता आलं नाही. तो बसला आणि दोन्ही हातांनी कड धरली.

मी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. बोटीचं नाक प्रवाहाकडे वळवलं आणि पूर्ण वेगानं सोडलं. धोंडुबाईनं सांगितलं होतं तस्सं ते किंचाळायला लागलं, आणि बोट दोराला मागं ओढत राहिली. काठावर वहिनी उभी होती. तिनं कान झाकले होते.

मी पोरांकडे बघून ओरडले, "सोडा दोर!"

"सोडू नका!" धैर्यशील उठून किंचाळला. "सोडू नका रं! पंख्यातलं रबर गेलंय! बोट जाणार न्हाय, बुडू आपण!"

मी इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

दोर कुणी सोडला नव्हता. मी काहीही ओरडले तरी सोडायचा नाही, असं त्या चौघांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"कसलं रबर, अध्यक्ष?" मी विचारलं. "ह्या गावात रबराचं नाव मी कुणापुढं काढलेलं नाही. ह्या पंख्यातलं रबर गेलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

६

बोट काठाला ओढली. मी इंजिन वर उचललं आणि सगळ्यांना पंखा दाखवला. सकाळी सरळ असलेली पांढरी रेघ मधोमध तुटून दोन तुकडे दोन दिशांना गेले होते.

"पंख्याच्या पोटात रबराची गादी असते," मी सांगितलं. "पंखा दगडावर आपटला तर गादी सरकते आणि गिअर वाचतात. पण एकदा सरकायची सवय लागली की हलक्या वजनाला ती धरते आणि भरल्या बोटीला सोडते. इंजिन फिरतं, पंखा फिरत नाही. पिंपात घालून शंभर वेळा चालवा, काही कळणार नाही."

मग पिशवीतून चंदगडचा पंखा काढला. पात्यावर माझे दोन ठिपके होते. तो मी वहिनीच्या हातात दिला. शेवटी काळी तार धैर्यशीलच्या पायाजवळ टाकली.

"पिन मोडली तेव्हा खिशात दुसरं काही नव्हतं, व्हय ना?"

त्यानं तारेकडे बघितलं आणि पायरीवर बसला.

"लग्नसराई हुती, ताई. माझा पंखा तलावातल्या दगडावर आपटला. नवीन यायला पंधरा दिवस लागणार हुते. गावाची बोट नुसती पडून हुती. म्हटलं, पुराच्या आधी परत बसवू." तो थांबला. "इसरलो."

"विसरलास."

"आईशप्पथ इसरलो. बोट अडकली म्हटल्यावर ध्यानात आलं."

"आणि दादा प्यालेला होता, ते?"

त्यानं तार पायानं बाजूला सारली. मी पुन्हा विचारलं.

"माझ्यावर आलं असतं," तो म्हणाला.

विसरला, हे मी एखाद वेळी गिळलं असतं. माणूस विसरतो. पण दादाचं प्रेत सापडतंय तोवर ह्याच्या डोक्यात गोष्ट तयार होती, आणि ती त्यानं माझ्या वहिनीला धीर देता देता गावभर पसरवली. त्या क्षणी मला तो मेलेला हवा होता, आणि तसं वाटल्याची मला आजही लाज नाही.

"उभा राहा," मी म्हटलं. "वहिनीकडं बघून सांग."

"सयाजी प्यालेला नव्हता," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," वहिनी म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तवा गावभर ऐकू गेलं हुतं. आता बी जाऊ दे."

तो तीनदा बोलला. तिसऱ्यांदा ओरडून बोलला. त्यानंतर तालमीतली पोरं त्याच्या अंगावर धावली. मी मध्ये पडले.

"हात लावू नका. मी बोलावलेले पोलीस पलीकडं येऊन थांबलेत. पूल बुडालाय. ह्याला मी नेते."

७

फरहाननं ठिपक्यांचा पंखा बसवला, डब्यातली नवी पिन घातली आणि न विचारता बोटीत चढला. धैर्यशील मध्ये बसला. त्याचे हात कुणी बांधले नव्हते, बांधायची गरजही नव्हती.

बोट सरळ प्रवाह कापत निघाली. नदीच्या मध्यावर, दादाची बोट आदळली ती बाभूळ आहे. तिचा फक्त शेंडा पाण्यावर होता, आणि त्यात गवत, चिंध्या, कुणाची तरी चप्पल अडकली होती. तिथं पोचल्यावर मी बटण दाबलं आणि इंजिन बंद केलं.

बोट आडवी व्हायला लागली.

"काय झालं?" धैर्यशीलनं कड पकडली. "ताई, काय झालं? चालू करा की!"

मी दोरीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पाणी बोटीला शेंड्याकडे ढकलत होतं. आधी सावकाश, मग भराभर.

"ताई, मला पोरं हायत!"

"दादालाही होती."

तो रडायला लागला. माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आईला हाका मारल्या. दादानंही मारल्या असतील, त्या ऐकायला कुणी नव्हतं. मला वाटलं होतं की हा असा रडला की माझ्या छातीतली आग निवेल. ती निवली नाही. उलट वाटलं, अजून थोडं. अजून दहा हात.

पुढच्या टोकाला फरहान बसला होता. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो शेंड्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

मी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं आणि बोट शेंड्याला घासून बाहेर निघाली.

"लई उपकार झाले, ताई," धैर्यशील हुंदके देत म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "बोटीत फरहान आहे."